वहीच्या माथ्यावरचा आकडा

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक सासूबाईंच्या मुठीत, दुसरं सुनेच्या, मधे घट्ट पीळ बसलेला आणि त्यातून बादलीत धार लागलेली. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजायला लागला.

"वाजू दे," सासूबाई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी फोन करणाऱ्याला घरदार नसतं का?"

सुनेनं चादरीचं टोक गुडघ्यांत धरलं आणि ओल्या हातानंच फोन कानाला लावला. पलीकडे दवाखान्यातले हेडक्लार्क काका होते. एरवी तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, आज कुजबुजत होता.

"ताई, अकराच्या आत या. साहेबांनी बोलावलंय. बुधवारपासून लॅबचे रिपोर्ट बाहेरच्या डॉक्टरांना धड पोचत नाहीत. काही जातात, काही परत येतात."

"मग मला काल का नाही सांगितलं?"

"मलाच आज कळलं. आणि हे बघा, मी सांगितलं म्हणू नका. तुमच्या नावानं एक पत्र टाइप झालंय. मीच केलंय, काय करणार. 'माझ्या हलगर्जीपणामुळे मेल सर्व्हरची उलटी नोंद झाली नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली सहीची रेघ."

"कोणी सांगितला मजकूर?"

"पाहुण्यांनी."

पाहुणे म्हणजे साहेबांचे मेव्हणे. सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यात 'सल्लागार' म्हणून आले. कोणाला सल्ला देतात ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळा दवाखाना त्यांना मागून पाहुणे म्हणायचा. चहाच्या वेळेला नेमके हजर असायचे, म्हणूनही.

गुडघ्यांतलं टोक सुटलं आणि पिळलेली चादर धप्पकन जमिनीवर पडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फोन तिथेच ओट्यावर आपटून ती साडी बदलायला आत गेली.

"अगं, काय झालं काय?"

"माझ्या सहीची घाई झालीय लोकांना, आई. मी न केलेल्या पापावर."

सासूबाई वाकून चादर उचलू लागल्या. "जा तू. ही मी बघते. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलंय, हाताला नाही." आणि ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा मागून म्हणाल्या, "भांडायचं तर भांड. पण तोंडातून खोटा शब्द काढू नकोस. मग जपमाळ हातात धरवत नाही."

फोन ओट्यावरच राहिला. हे तिला बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं, आणि स्वतःचाही राग आला.

या बाईची गोष्ट सांगायची तर चौदा वर्षं मागे जायला हवं. दवाखान्यात ती लागली ती नोंदणीच्या खिडकीवर, टायपिस्ट म्हणून. नाव, वय, पत्ता, तक्रार. खिडकीच्या मागच्या खोलीत एक म्हातारे इंजिनिअर बसायचे, दवाखान्याच्या सगळ्या कॉम्प्युटरांचं जाळं त्यांच्याकडे. रोग्याचा पत्ता अर्धवट असला तर ही त्याला परत खिडकीशी बोलावते आणि पूर्ण लिहून घेते, हे त्यांनी पाहिलं. एक दिवस म्हणाले, "पोरी, तू माझ्या कामाची आहेस. इकडे ये."

त्यांनी शिकवलेलं तिच्या वहीच्या पहिल्या पानावर अजून आहे. प्रत्येक यंत्राला एक नाव असतं आणि एक क्रमांक. माणसांना नावं लक्षात राहतात, यंत्रांना क्रमांक. नाव विचारलं की क्रमांक सांगायचा, ही सुलटी नोंद. क्रमांक विचारला की नाव सांगायचं, ही उलटी. सुलटी वही आपल्याकडे असते. उलटी असते ज्यांची इंटरनेटची लाइन घेतली त्यांच्याकडे, कारण क्रमांक त्यांच्या मालकीचे. "आणि दोन्ही वह्या एकमेकींना जुळल्या पाहिजेत," म्हातारे म्हणायचे. "आपलं यंत्र पत्र घेऊन कोणाच्या दारात गेलं की तिथला पहारेकरी क्रमांक बघतो. विचारतो, या क्रमांकाचं नाव काय? नाव कळलं की पुन्हा विचारतो, या नावाचा क्रमांक काय? फिरून तोच क्रमांक आला तर आत. नाही आला तर दारातूनच परत."

म्हातारे निवृत्त झाले, ती खोली हिच्याकडे आली. लोक तिला पत्तेवाली म्हणू लागले. नव्या नर्सना वाटायचं ही बाई पत्ते खेळते की काय. ती हसायची. पण नोंदीत एक अक्षर बदललं तरी वहीत लिहायची: तारीख, वेळ, काय बदललं, का बदललं. चौदा वर्षांत अशा अकरा वह्या झाल्या होत्या.

आणि अशा बाईला हे लोक हलगर्जी म्हणत होते! बसच्या दांड्याला धरून उभी असताना तिला ते पत्र डोळ्यांसमोर दिसत होतं. उलटी नोंद झाली नाही म्हणे. मंगळवारी, म्हणजे इंटरनेटची लाइन बदलायच्या आदल्या दिवशी, नव्या लाइनवाल्यांच्या कचेरीत दीड तास बाकावर बसून ती नोंद कोणी करून घेतली? पाहुण्यांनी? त्यांना तर ती कचेरी कोणत्या रस्त्याला आहे हेही सांगता आलं नसतं.

तिची खोली पहिल्या मजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून. आत इस्त्रीचा गरम वास आणि यंत्रांच्या पंख्यांची एकसुरी घरघर. ती पर्स खुर्चीवर फेकून उभ्यानंच कामाला लागली. पहिला प्रश्न उलट्या नोंदीलाच केला. नव्या लाइनचा नवा क्रमांक टाकला, नाव काय? स्क्रीनवर उत्तर आलं: दवाखान्याच्या मेल सर्व्हरचं नाव, अगदी बरोबर.

"कुठाय रे माझा हलगर्जीपणा?" ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या कोठीतली इस्त्री थांबली.

मग सुलटा प्रश्न. या नावाचा क्रमांक काय? उत्तर: नवा क्रमांक. बरोबर. तिनं पुन्हा विचारलं. नवा. पुन्हा विचारलं.

जुना.

ती खुर्चीवर बसली. पर्सवरच बसली.

दवाखान्याच्या नावांना उत्तर देणारे सर्व्हर दोन होते. एक या खोलीत, दुसरा पलीकडच्या इमारतीत, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. ती त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणायची. लिहायचं फक्त थोरलीच्या वहीत. धाकटी ठरावीक वेळानं येऊन नक्कल उतरवून न्यायची. पण उगाच नाही न्यायची. वहीच्या माथ्यावर एक आकडा असतो: वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला कितवा बदल. तो आकडा आपल्याकडच्यापेक्षा मोठा दिसला तरच धाकटी नक्कल उतरवते. नाहीतर समजते, नवीन काही नाही, आणि आल्या पावली परत जाते. म्हणून नोंद बदलली की माथ्यावरचा आकडा वाढवायचा. हे विसरणं म्हणजे पत्र लिहून पेटीत न टाकणं.

पण ती विसरली नव्हती. वहीत होतं: बुधवार, सकाळी नऊ चाळीस, मेल सर्व्हरचा क्रमांक बदलला, आकडा वाढवला. थोरलीकडे तोच आकडा होता. मग धाकटी बुधवारपासून जुनंच का घोकत बसली होती? जगातला अर्धा पहारा थोरलीला विचारत होता आणि पत्र आत घेत होता, उरलेला अर्धा धाकटीला विचारून परत पाठवत होता.

तिनं धाकटीला तिचा आकडा विचारला. उत्तर वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. महिना आणि दिवस मागचे, होऊन गेलेले. वर्ष पुढचं.

कोणीतरी वर्ष चुकवून पुढच्या वर्षाची तारीख घातली होती, आणि धाकटीनं ती प्रामाणिकपणे उतरवून घेतली होती. आता थोरलीनं यंदाची कोणतीही तारीख घातली तरी धाकटीला ती जुनीच वाटणार. पण थोरलीच्या वहीत त्या आकड्याचा मागमूस नव्हता. म्हणजे ज्यानं घातला त्यानं नंतर जुनी प्रत परत जागेवर ठेवून दिली. पुसून टाकलं आणि हात झटकले. धाकटीकडे नक्कल गेली असेल हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तिनं धाकटीची सगळी वही स्क्रीनवर उघडली. एकेक ओळ खाली सरकत गेली. सगळी नावं तिच्या ओळखीची, तिनंच ठेवलेली. आणि शेवटी एक ओळ जी तिची नव्हती: 'सल्लागार-डेमो'.

नक्कल उतरल्याची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची, दुपारी तीन वीस. तिनं आपली वही मागे उलटली. त्या दिवशी एकच ओळ होती: 'रजा. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन.' दुपारी तीनला ती याच दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, सासूबाईंचा हात धरून बसली होती. आणि त्याच दिवशी पाहुण्यांनी विश्वस्तांना 'आपली यंत्रणा किती आधुनिक' ते करून दाखवलं होतं. त्यानंतर नोंदीत हात घालायची वेळच आली नव्हती, बुधवारपर्यंत.

देवा, तूच बघ, एवढंच ती मनात म्हणाली. आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी आठवली नसती तर बरं झालं असतं. नोंद बदलली की दोघींना विचारून बघायचं, हा म्हाताऱ्यांचा नेम. बुधवारी तिनं फक्त थोरलीला विचारलं होतं. लाइनवाला माणूस सहीसाठी खोळंबला होता, साहेबांचा फोन वाजत होता. धाकटीला विचारायचं राहून गेलं.

दार लोटून हेडक्लार्क काका आत आले. हातात परत आलेल्या मेलची यादी होती. "एकोणीस आहेत, ताई. परत आलेली पत्रं ज्या पेटीत पडतात ती कोणी उघडतच नव्हतं."

तिनं यादी घेतली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. स्तनातल्या गाठीची तपासणी, एका बाहेरच्या डॉक्टरीणबाईंची रोगी.

"काका, आधी या डॉक्टरीणबाईंना फोन लावा. लॅबमधून रिपोर्ट तोंडी वाचून दाखवायला सांगा. आत्ता."

काका जाऊन फोन लावून आले. तोवर तिनं सगळं त्यांना समजेल असं मनात जुळवलं आणि आल्या आल्या सांगितलं. ते ऐकत होते आणि एकीकडे दाराकडे बघत होते.

"दुरुस्त किती वेळात होईल?"

"पाच मिनिटं. त्यांच्या खोट्या आकड्यापेक्षा एकानं मोठा आकडा थोरलीवर घालायचा. धाकटी लगेच उतरवून घेईल."

"मग करू नका," काका दबक्या आवाजात म्हणाले. "आधी आत जा, पत्र फाडून घ्या. एकदा चालू झालं की तुम्हाला कुत्रंही विचारणार नाही."

"आणि नक्कल उतरली की ती 'डेमो'ची ओळही जाईल," ती म्हणाली. "धाकटी जुनं सगळं टाकून नवं घेते. पुरावा माझ्याच हातानं पुसला जाणार."

"तेच म्हणतोय मी!"

तिचे हात टेबलावर होते. दहा मिनिटं थांबली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण साहेबांच्या खोलीत दहा मिनिटांत काही होत नसतं. चहा येतो, मग विषय निघतो, मग सोमवारवर जातो. तोवर खाली लॅबमधून रिपोर्ट निघत राहणार, आणि त्यातले अर्धे कुठल्याशा दारातून परत येणार, आणि कोणीतरी बाई फोनकडे बघत बसणार. त्या बाईला पाहुणे माहीत नाहीत, थोरली माहीत नाही, धाकटी माहीत नाही.

"काका, चष्मा लावा."

"का?"

"ही ओळ वाचा. मोठ्यानं. हा आकडा वाचा. ही वेळ वाचा."

काकांनी वाचलं. ती वहीत लिहीत गेली, एकेक आकडा, घड्याळातली आत्ताची वेळसुद्धा. मग वही फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. "जे वाचलंत तेच लिहिलंय का बघा. आणि खाली सही करा."

काकांची पाचावर धारण बसली. "ताई, निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत."

"मी खोटं लिहिलंय का?"

"नाही, पण..."

"बरं, मी जबरदस्ती करत नाही. नका करू." तिनं वही परत ओढली आणि कीबोर्डकडे वळली. "सकाळी माझ्या खोट्या पत्राला तुमची बोटं अडखळली नाहीत, काका. खऱ्याला अडखळतायत."

तिनं थोरलीच्या माथ्यावरचा आकडा बदलायला घेतला. हेही तिला झोंबत होतं. चौदा वर्षं त्या जागी खरी तारीख होती; आता वर्षभर तिथे पुढच्या सालची खोटी तारीख राहणार, कारण एका माणसाला कॅलेंडर वाचता येत नाही. तिनं आकडा टाकला. बटण दाबण्याआधी बोट थांबलं, कारण शेजारून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

काका वहीवर वाकून सही करत होते. पुढे तारीख, वेळ, आणि कंसात 'समक्ष वाचले'. "दाबा आता," ते चिडून म्हणाले, जणू तीच त्यांना खोळंबवत होती.

तिनं दाबलं. चार मिनिटांत धाकटीनं नक्कल उतरवली. दोघींना विचारलं. दोघी एकच क्रमांक बोलल्या. डेमोची ओळ गेली. परत आलेले एकोणीस रिपोर्ट पुन्हा पाठवले. एकही परत आला नाही.

साहेबांच्या खोलीत चहा आलेला होता.

"या बाई, बसा," साहेब म्हणाले. "सुरळीत झालं असं ऐकतो. छान. मग एवढी सही करून टाका, विषय संपला. विश्वस्तांना काहीतरी कागद द्यावा लागतो हो. नुसती औपचारिकता."

"औपचारिकता असेल तर पाहुण्यांनी करावी."

पाहुण्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. तोंडावर पाहुणे म्हणायची ही पहिलीच वेळ.

"मॅडम, उलटी नोंद तुमचं काम," पाहुणे सावरून म्हणाले.

"उलटी नोंद मंगळवारीच झालीय. लाइनवाल्यांचा शिक्का माझ्याकडे आहे. बिघाड सुलट्यात होता. धाकट्या सर्व्हरवर पुढच्या वर्षाची तारीख होती, अडीच महिन्यांपूर्वी दुपारी तीन वीसला घातलेली. सोबत 'सल्लागार-डेमो' नावाची ओळ. तुम्ही थोरल्याची वही परत जागेवर ठेवलीत. धाकट्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसणं गुन्हा नाही. माझ्या नावानं पत्र लिहिणं आहे."

"कुठाय ती ओळ? दाखवा की," पाहुणे हसले. "चला, आत्ता बघू."

"आता नाही. दुरुस्ती केली तेव्हा गेली."

"वा! म्हणजे पुरावाही तुम्हीच मिटवलात."

"हो. रिपोर्ट जायला हवे होते म्हणून." तिनं वही उघडून साहेबांपुढे ठेवली. "मिटवण्याआधी लिहून घेतली."

"वहीत काय, मीही काहीही लिहीन," पाहुणे म्हणाले.

साहेबांचं बोट मात्र खालच्या सहीवर थांबलं होतं. ते दाराकडे बघायला लागले. दारात हेडक्लार्क काका उभे होते, फाइल छातीशी धरून.

"तुम्ही पाहिलंत हे?"

काकांचा नेहमीचा, तीन खोल्यांपलीकडे जाणारा आवाज आला. "मोठ्यानं वाचलंय, साहेब. चष्मा लावून."

तिनं ते टाइप केलेलं पत्र उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर उभ्यानंच चार ओळी लिहिल्या: 'मुख्य नोंद मी बुधवारी बदलली. त्यानंतर धाकट्या सर्व्हरला विचारून बघायचं माझ्याकडून राहिलं, ही चूक माझी. चुकीच्या वर्षाचा आकडा मी घातलेला नाही. तो घातला गेला त्या दिवशी मी रजेवर होते.' खाली सही, स्वच्छ, पूर्ण नावानं.

"जेवढी माझी तेवढी घेतलीय," ती म्हणाली. "एक शब्द जास्त नाही. काका, आवकचा शिक्का मारा यावर."

साहेबांनी कागद वाचला. चेहरा उतरला होता, पण आवाज अजून खुर्चीतला होता. "सोमवारी बैठकीत बघू. वही इथेच ठेवून जा. ती दवाखान्याची आहे."

वही दवाखान्याची होती, हे खरं होतं. कागद दवाखान्याचा, काम दवाखान्याचं. आणि सोमवारपर्यंत ती या खोलीत राहिली तर त्यातलं एक पान राहील की नाही, हेही तितकंच खरं होतं. पाहुणे बशीतला चहा परत कपात ओतत होते, सावकाश, तिच्याकडे न बघता.

"आहे," ती म्हणाली. "पण कोठीतल्या चादरीसुद्धा दवाखान्याच्या आहेत. धोब्याकडे जातात आणि मोजून परत येतात. सोमवारी सकाळी नऊला ही टेबलावर असेल. पानं मोजून घ्या. एकशे ब्याण्णव आहेत."

बाहेरच्या कट्ट्यावर काकांनी शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले. घरी चादर वाळत असेल किंवा अजून बादलीत असेल; सासूबाई विचारतील आणि तिला सगळं सांगता येईल, काही न लपवता. राग अजून होता. ओसरायची तिलाही घाई नव्हती.

तिनं वही पर्सच्या तळाशी घातली, जिना उतरली आणि रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाली, रजेच्या आणि काकांच्या सहीच्या त्या दोन पानांच्या तीन प्रती काढायला.